उघडं राहिलं की

१

कारखान्यात तिला सगळे काटेबाई म्हणत. नव्या औषधाच्या बाटलीत, बुटांच्या खोक्यात, कॅमेऱ्याच्या पिशवीत ‘खाऊ नये’ असं छापलेली एक बारकी पुडी असते. त्या पुडीतले दाणे तिच्या कारखान्यात तयार व्हायचे. ओल पिणारे दाणे. ते किती पितात हे तपासायचं काम तिचं.

काम म्हटलं तर बिनडोक होतं. भट्टीतून कोरडे ठणठणीत करून आणलेले दाणे काचेच्या बशीत पसरायचे, काट्यावर वजन घ्यायचं, बशी टेबलावर उघडी ठेवायची आणि डबा खाऊन आलं की पुन्हा काट्यावर चढवायची. बशी जड झालेली असायची. कुणी हात लावलेला नसे, कुणी वरून काही घातलेलं नसे. नुसती उघडी राहिली म्हणून जड.

नवीन आलेल्या माणसाला आधी काट्याचाच संशय यायचा. मग ती चष्मा कपाळावर चढवून विचारायची, “हवा म्हणजे काय रिकामी जागा वाटते तुम्हाला? पाणी असतं तिच्यात. तुमचा-आमचा श्वास असतो. जे उघडं राहतं ते त्यातलं हवं तेवढं उचलतं. लोखंड गंजतं तेव्हा झिजल्यासारखं दिसतं, पण गंजासकट काट्यावर ठेवून बघा, जडच भरेल. हवा खाल्लेली असते त्यानं.”

शेजारच्या टेबलावर लांब्या बसायचा. बसल्या जागेवरून खिडकी लावता येईल एवढे त्याचे हात. वर्षानुवर्षं त्याचा एकच विनोद. “काटेबाई, आजच्या मालाला भूक कशी काय?”

“सपाटून,” ती म्हणायची, आणि दोघंही हसायचे. कामाच्या ठिकाणी माणूस कशालाही हसतो.

२

घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या.

बाई जन्मभर काटकुळी. नवरा लवकर गेलेला, मुलगा एकुलता. शिवणाच्या कारखान्यात गणवेश शिवून शिवून तिनं त्याला वाढवलं आणि ते वाढवणं त्याला कधी विसरू दिलं नाही. “रक्ताचं पाणी केलंय मी तुझ्यासाठी,” हे वाक्य त्या घरात मिठासारखं होतं, कशातही पडायचं. तो नवीन बूट घालून आला की पडायचं, बायकोबरोबर सिनेमाला निघाला की हमखास पडायचं. तो मात्र आईवर कधी चिडला नाही. गुटगुटीत, गुणगुणत राहणारा माणूस. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा बसवताना तो त्याच्या तब्येतीची इतकी चौकशी करायचा की लोक डोळे न तपासताच बरे होऊन जायचे.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, जबडा खाली पडला तो पडलाच. तोंड सताड उघडं.

“आता हे असंच राहणार,” डॉक्टर म्हणाले. “तोंड कोरडं पडेल, ओल्या कापसानं ओठ पुसत जा.”

सुरुवातीला त्या चमच्यानं पेज घ्यायच्या. मग तीही ओघळून गळ्यावर यायला लागली. डॉक्टरांनी दोघांना बाहेरच्या खोलीत नेलं आणि आवाज खाली आणला. “जबरदस्ती करू नका. नळी घालून फक्त हाल होतील. शरीर आवरतं घेतंय. थोडे दिवस राहिलेत, शांतपणे जाऊ द्या.”

नवरा स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडला. तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. रडताना त्याची पाठ चांगली गादीसारखी हलत होती.

३

चादर बदलायचं काम दोघं मिळून करायचे. तो खांद्यांखाली हात घालायचा, ती गुडघ्यांखाली. एका सकाळी उचलताना तिच्या कमरेत कळ आली.

“आज आई जड लागतायत हो.”

“झोप नाही तुझी नीट,” तो म्हणाला.

ते पटण्यासारखं होतं. शिवाय निर्जीव अंग नेहमीच जड लागतं. तिला माहीत होतं हे सगळं. पण दुसऱ्या दिवशी दोघांनाही उचलेना. नवऱ्यानं जिन्यातून हाक मारली तशा खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. काकू तरुणपणी पोहायला शिकवायच्या, आता निवृत्त होत्या, पण खांदे अजून दाराएवढे. कुणाचं सामान चढवायचं असो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, काकू आधी चपला घालायच्या आणि मग काय झालं ते विचारायच्या. त्यांनी पदर खोचला, सासूबाईंना कवेत घेतलं, आणि अर्ध्यावर थांबल्या.

“अगं, ही बाई परवापर्यंत पिसासारखी होती! खायला काय घालताय काय?”

“काही नाही,” ती म्हणाली. “आठवडा झाला, पोटात कण नाही.”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग उघड्या तोंडाकडे. “मग सूज असेल,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी येऊन पोटरीवर अंगठा दाबला. सूज असती तर खळगा पडायला हवा होता. अंगठा आत गेलाच नाही. मांस घट्ट होतं, ओल्या वाळूच्या पोत्यासारखं. त्यांनी दुसऱ्या पायावर दाबून पाहिलं, दंडावर दाबलं. नंतर स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून ते उठले.

“सूज नाही ही,” ते म्हणाले. बोलताना त्यांनी दोनदा ओठांवरून जीभ फिरवली. “जरा पाणी देता का?”

त्या खोलीतलं फुलपात्र तिनं उचललं. सकाळी तिनंच काठोकाठ भरून ठेवलेलं. रिकामं होतं, तळाशी फक्त पांढरट कडा उमटलेली.

४

दिवसा सासूबाईंजवळ बसायला एक मावशी यायच्या. म्हाताऱ्यांची उस्तवार करण्यात त्यांचा जन्म गेलेला, नाक मुरडणाऱ्यातल्या नव्हेत. त्या एका संध्याकाळी पिशवी खांद्याला लावूनच दारात उभ्या राहिल्या.

“उद्यापासून मी यायची नाही, बाई.”

“का? काही कमी-जास्त झालं का आमच्याकडून?”

“तसं काही नाही.” मावशींचा आवाज घासत होता. “तिथं बसलं की तोंडातलं पाणी पळतं. कापूस भिजवून ओठापर्यंत न्यावा तर वाटेतच सुका. आणि हे बघा.” त्यांनी हात पुढं केला. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. “इथं आले तेव्हा मनगटात रुतायच्या ह्या.”

“तुमचीही तब्येत सांभाळायला हवी,” ती काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली.

मावशी जिना उतरायला लागल्या, पुन्हा दोन पायऱ्या वर आल्या. “तुमच्या मालकांना सांगा, आईच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलत जाऊ नका म्हणावं.”

५

नवरा आता दुकानात उशिरा जायचा आणि लवकर यायचा. आल्यावर कपडेही न बदलता आईच्या उशाशी खुर्ची ओढायचा आणि तिला दिवसभराचं सांगत बसायचा. कोण आलं, कुणाचा नंबर वाढला, कुणी सोनेरी काडीसाठी घासाघीस केली. आई ऐकते असं त्याचं म्हणणं.

तो खंगत चालला होता. हे तिला आधी चष्म्यावरून कळलं. त्याचा स्वतःचा चष्मा नाकावरून घसरायला लागला. त्यानं दुकानात काड्या वाकवून घट्ट केला. चार दिवसांनी पुन्हा घसरला, पुन्हा वाकवला. “चष्मेवाल्याचाच चष्मा सैल,” तो हसला, आणि हसताना गालावर जिथं खळी पडायची तिथं उभी घडी पडली.

गिऱ्हाइकं कौतुक करायची. “काय हो, बारीक झालात! काय करता?” त्याला आवडायचंही ते.

तिनं स्वतःला समजावलं. जागरण, काळजी, अवेळी जेवण; घरात आजारी माणूस असलं की कोण वाळत नाही? तीही वाळली होतीच. रविवारी दुपारी तो अंघोळीला गेला असताना ती पहिल्यांदा त्या खुर्चीत बसली. खिडकी उघडी होती. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सासूबाईंचे डोळे मिटलेले, तोंड उघडं, आत अंधार. दात कधीच गेलेले.

श्वास चालू होता. ती ऐकत राहिली. हवा आत जाताना घशाशी घर्रकन आवाज व्हायचा. मग थोडी शांतता. मग पुन्हा घर्र, आत. पुन्हा शांतता. पुन्हा आत.

बाहेर येणारा श्वास तिला ऐकूच येईना.

असं नसतं, ती मनात म्हणाली. हळू सोडत असतील. तिनं स्वतःचा चष्मा काढला, काचा पदरानं पुसल्या आणि त्या उघड्या तोंडासमोर धरल्या. थंड काच होती, श्वासानं धुरकट व्हायलाच हवी. ती वाट पाहत राहिली. काच लख्ख राहिली. उलट तिच्या बोटांच्या पेरांवर घामाचा जो ओलसरपणा होता तो जाऊन कातडी ताणल्यासारखी वाटायला लागली.

न्हाणीघरातलं पाणी बंद झालं. तिनं घाईघाईनं चष्मा लावला.

“काय करतेयस?” नवरा टॉवेलनं डोकं पुसत दारात उभा होता.

“काही नाही. ओठ पुसत होते.”

“बघ, किती शांत झोपलीय,” तो म्हणाला. “अंगावर मूठभर मांससुद्धा चढलंय.”

६

दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यातून दाणे आणले.

तिच्या टेबलावरचे तपासणीचे दाणे रंग बदलायचे. कोरडे असताना निळे, ओल प्यायले की गुलाबी. एकदा गुलाबी झालेला दाणा आपण होऊन निळा होत नाही. त्याच्या पोटातलं पाणी काढायचं तर त्याला भट्टीतच घालावं लागतं, चांगलं तापवावं लागतं. भट्टीतून निघाला की तो पुन्हा कोरडा, पुन्हा भुकेला. दाण्याचा जन्म म्हणजे एवढंच.

तिनं पूर्ण गुलाबी झालेले, पोट भरलेले दाणे एका बशीत घेतले. तिला फार काही सिद्ध करायचं नव्हतं. मनातलं एक खूळ निघून जावं एवढंच. बशी तिनं सासूबाईंच्या उशाशी स्टुलावर ठेवली आणि भाजी चिरायला गेली.

भाजी फोडणीला टाकून ती परत आली. बशीतले पलंगाच्या बाजूचे दाणे निळे झाले होते. मधले जांभळट. दाराच्या बाजूचे तेवढे अजून गुलाबी, आणि ती बघता बघता त्यांच्यातही निळा रंग चढत गेला.

भट्टी नाही, विस्तव नाही. खिडकीतून साधं संध्याकाळचं वारं येत होतं.

तिनं बशी उचलून छातीशी धरली आणि स्वयंपाकघरात येऊन दार लावून घेतलं. बशी तिनं ओट्यावर ठेवली. एवढी वर्षं तिनं काट्यावर जे पाहिलं होतं त्यात जड होणाऱ्या गोष्टीकडेच सगळ्यांचं लक्ष असायचं. हवेचं काय कमी झालं, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. एवढ्या मोठ्या हवेतून चिमूटभर गेलं तर कुणाला कळणार? इथं खोली लहान होती. आणि तिच्यात रोज एक माणूस तोंडाशी तोंड नेऊन बोलत बसायचा.

७

दुसऱ्या दिवशी नवरा दुकानात गेल्यावर तिनं मलमपट्टीची रुंद पट्टी घेतली. हनुवटीखालून घालून डोक्यावर गाठ मारली. जबडा सहज वर आला. ओठ मिटले. सासूबाईंनी डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं, पण त्या नुसत्या पाहतच राहिल्या. नाकातून श्वास मात्र नीट चालू झाला. आत आणि बाहेर, दोन्ही. ती बसून ऐकत होती. बाहेर येणारा तो गरम, शिळा वास तिला चक्क बरा वाटला.

त्या दिवशी फुलपात्रातलं पाणी जसंच्या तसं राहिलं. खिडकीतल्या कुंडीची माती ओली राहिली. संध्याकाळी तिनं नवऱ्यासाठी पोटभर स्वयंपाक केला.

तो आला, बूट काढले, आत गेला. मग आतून त्याचा आवाज आला. तसा आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“आईचं तोंड बांधलंस तू?”

“ऐका माझं. आधी ऐका.”

“मेलेल्या माणसाचं बांधतात तोंड! जिवंत आहे ती!” त्याची बोटं गाठीशी झटापट करत होती. बारीक झालेली, सांध्यांवर फुगलेली बोटं.

“त्या घेतायत हो तुमच्यातलं! आरशात बघा जरा. मावशी का गेल्या? दाणे दाखवू तुम्हाला? मी काही वेडी नाही, मी रोज हेच काम करते.”

पट्टी सुटली. जबडा खाली पडला. घर्र, आत.

त्यानं सुटलेली पट्टी गुंडाळून उशाशी ठेवली. तिला वाटलं, पटलं. मग तो खुर्चीत बसला, आईचा हात हातात घेतला आणि खाली बघत म्हणाला, “आणि घेत असेल तर?”

“काय?”

“तिनं माझ्यासाठी रक्ताचं पाणी केलं. मला लहानपणी ताप आला की रात्र रात्र अशीच बसायची ही. स्वतः काही खायची नाही. मी भरत गेलो आणि ही वाळत गेली. मला कळत नव्हतं का ते?” त्यानं चष्मा बोटानं वर ढकलला. तो लगेच खाली आला. “तुला बघवत नसेल तर तू तुझ्या ताईकडे जा थोडे दिवस.”

तिनं भरलेलं ताट झाकलं आणि बॅग भरली. जिन्यात काकू भेटल्या, त्यांनी न विचारता बॅग घेतली आणि रस्त्यापर्यंत आणून दिली. “भांडलात? होतं गं असं घरात आजारपण असलं की. मी लक्ष ठेवीन, तू नको काळजी करू.”

८

ताईकडे ती जिद्दीनं राहिली. त्यानं बोलवावं, मग जाऊ. रोज फोन व्हायचा, छोटा, तुटक. त्याचा आवाज दिवसेंदिवस कागदासारखा होत गेला.

“जेवलात?”

“हो.”

“दुकानात गेला होतात?”

“आज नाही. आईनं आज डोळे उघडले. मला बघून ओळखीचं हसली.”

“पाणी पीत जा हो भरपूर.”

“पितो की,” तो म्हणायचा, आणि फोनमधून घशाचा कोरडा टक असा आवाज यायचा.

ताई म्हणायची, पुरुषाची जात, दोन दिवस एकटं राहू दे, आपोआप ताळ्यावर येईल. लांब्याला तिनं दाण्यांचं सांगून पाहिलं. तो हसला नाही. म्हणाला, “काटेबाई, रजा घ्या तुम्ही.” तेव्हा तिलाही तेच वाटायला लागलं, की आपलं डोकं ठिकाणावर नाही. थकलेल्या माणसाला बशीत कुठलाही रंग दिसू शकतो. काचेवर वाफ धरली नाही, तर तिनं चष्मा लांब धरला असेल. आणि आजारी माणसाचं तोंड बांधणारी सून दुसऱ्या कुणाच्या घरात असती, तर तिनंच तिला नावं ठेवली असती.

मग दोन दिवस फोन उचललाच गेला नाही. काकूंना केला तर त्या म्हणाल्या, “दार वाजवलं मी. आतून म्हणाले, सगळं ठीक आहे. आवाज मात्र बाई ओळखूच आला नाही.”

ती भर दुपारी घरी पोचली. स्वच्छ ऊन पडलेलं, रस्त्यावर माणसं येत-जात होती. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत पाऊल टाकताच नाकात जळजळ झाली. कुंडीतलं रोप उभ्या उभ्या वाळलं होतं, हात लागताच पानांचा भुगा झाला. दारांच्या फळ्यांना चिरा गेल्या होत्या. न्हाणीघरातली बादली रिकामी. नळ सोडला तर धार पडली, पण फरशीवर सांडलेलं पाणी ती बघत असतानाच कडेकडेनं आटत गेलं.

खोलीत खिडकी उघडीच होती. तिनं आधी पलंग पाहिला, कारण तो खाली आला होता. पायांखालच्या फरशा फुटून पाय जमिनीत रुतले होते. चादर ताठ, तट्ट भरलेली. चादरीखालचा आकार तिनं नीट पाहिला नाही. पाहायचंच नाही असं तिनं ठरवलं. फक्त चेहरा दिसला तेवढा दिसला. गुलाबी, तुकतुकीत, सुरकुती एक नाही. ज्या वयात तिनं सासूबाईंना कधी पाहिलं नव्हतं, त्या वयाचा.

तोंड मिटलेलं होतं.

पट्टी नाही, काही नाही. आपलं आपण मिटलेलं, जेवण आटोपल्यावर माणूस मिटतो तसं.

नवरा खुर्चीत होता. म्हणजे त्याचा सदरा खुर्चीत होता आणि सदऱ्यात तो होता. चष्मा मांडीवर पडलेला. डोळे हलले. त्याचा जबडा छातीवर टेकला होता, तोंड सताड उघडं.

“अहो,” ती म्हणाली. घशातून नुसती हवा आली.

पलंगावरचे डोळे तिच्याकडे वळले. तृप्त, जरा कंटाळलेले. ओठ किंचित विलग झाले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सासूबाई बोलल्या. आवाज ठणठणीत होता.

“ने याला आता.”

९

तिनं त्याला उचललं. वाळायला घातलेला कपडा दोरीवरून काढावा तसा तो हातात आला. ती रडतही होती आणि तिला कुठंतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. मिळाला, जिवंत मिळाला. दवाखान्यात सलाईन लावतील, माणूस भरून येतो पुन्हा. तिनं त्याचं डोकं खांद्यावर घेतलं आणि जिना उतरायला लागली.

पहिल्या वळणापर्यंत ती जवळजवळ धावत होती. मग तिनं त्याला जरा सावरून घेतलं, कारण तिचा हात खाली येत होता. दमले मी, तिला वाटलं. दमणारच, पाणी नाही पोटात. तिच्या मानेशी त्याचं उघडं तोंड होतं. घर्र असा आवाज झाला. मानेवर गार वारा लागला, तिच्या कातडीवरून आत जाणारा. ती थांबली, आणि त्याच्या श्वासाची ऊब लागायची वाट पाहिली.

घर्र. आत.

पुढच्या पायऱ्या ती भिंतीला पाठ घासत उतरली. काखेत घेतलेला त्याचा हात आता हातासारखा लागत होता, मग चांगल्या भरलेल्या हातासारखा. तिचे ओठ दातांना चिकटले होते. तिला हाक मारायची होती, जीभ टाळूवरून सुटेना. डोळे मिटून उघडताना पापण्यांचा चरचर आवाज तिला ऐकू आला.

“अगं,” त्यानं तिच्या कानाशी म्हटलं, की नुसताच श्वास होता तो, कळलं नाही.

खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. काकू चपला घालूनच बाहेर आल्या.

“अगं बाई! काय झालं? दे, दे इकडे, तू पडशील!” त्यांनी दोन्ही हात पुढं केले. पोहायला शिकवणाऱ्या बाईचे ते हात, कुणालाही तरंगवून धरतील असे. “दवाखान्यात न्यायचंय ना? मी धरते, तू टॅक्सी बघ. पळ!”

तिनं काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. दयाळू, गोल, घामेजलेला चेहरा. एक शब्द बोलायला तिला वेळ होता. निदान मान हलवायला तरी होता.

तिनं नवऱ्याला त्यांच्या हातात दिलं.

हात मोकळे होताच तिचं अंग इतकं हलकं झालं की पायरी चुकता चुकता राहिली. मागं काकू त्याचं डोकं छातीशी घेत म्हणत होत्या, “असं, असं. आहे हं मी. तोंड किती कोरडं पडलंय बिचाऱ्याचं.”

रस्त्यावर ऊन होतं. कोपऱ्यावरच्या नळाखाली तिनं तोंड धरलं आणि ती पीत राहिली. पदर, पोलकं भिजलं तरी पीत राहिली. मग एक टॅक्सी आली, तिनं हात केला. ती आत बसली आणि दार लावून घेतलं.

“कुठं जायचं?” टॅक्सीवाल्यानं विचारलं.

वर जिन्याच्या खिडकीतून काकूंची हाक आली. “अगं, लवकर ये गं! मला पेलवेना आता!”

ती समोर बघत होती. हाक पुन्हा आली. या वेळी ती घासलेली होती, अर्धीच.

टॅक्सीवाल्यानं मान बाहेर काढून वर पाहिलं. “बाई, तुम्हालाच बोलावतायत का?”

“नाही,” ती म्हणाली. “चला तुम्ही.”